बोट लागेल, हे मुलाला सांगू कसं?

पुण्याच्या एका ६१ वर्षांच्या वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. लग्नाला चाळीस वर्षं होतायत म्हणून मुलाने आणि सुनेने डिसेंबरात सगळ्या घरासाठी क्रूझ ठरवली आहे. मुंबईहून निघायचं, गोवा आणि लक्षद्वीप करून परत मुंबईला यायचं, एकूण पाच रात्री. आईबाबांसाठी मुद्दाम वरच्या मजल्यावरची, अगदी पुढची, बाल्कनीची केबिन घेतली आहे. बाईंना लहानपणापासून गाडी लागते. कॉलेजच्या सहलीत घारापुरीच्या लाँचमध्ये इतकं झालं होतं, की परत लाँचमध्ये बसायच्या नुसत्या कल्पनेने त्यांना रडू फुटलं. गेल्या वर्षी महाबळेश्वरला जाताना पसरणी घाटात गाडी दोनदा थांबवावी लागली. यजमान म्हणतात, हे सगळे मनाचे खेळ. मुलाला सांगावं तर त्याचा हिरमोड होईल. न सांगता जावं, तर तीन वर्षांच्या नातवाला सांभाळायचं सोडून आपणच आडव्या होऊ, ही धास्ती. त्यांनी मनातल्या मनात दोन बेत केले आहेत. एक म्हणजे आठवडाभर आधी गुडघ्याचं निमित्त सांगून घरी थांबायचं. दुसरा म्हणजे काही न बोलता जायचं, पाचही दिवस जवळजवळ उपाशी राहायचं आणि रोज अव्होमिन घ्यायची. शेवटी जाता जाता लिहिलं आहे, की बाकी तब्येत ठीक आहे, रक्तदाबाची एक गोळी आणि डोळ्यांत काचबिंदूचे थेंब तेवढे चालू आहेत. यातलं काय करू, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटाशी येऊन थबकले. काचबिंदूचे थेंब तुम्ही ओझरते सांगितलेत, पण मला पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच वाटते. म्हणून आधी तिचंच बोलते.

अव्होमिन आपल्याकडे घरोघरी असते. घाट आला की आई पर्समधून काढून द्यायची, त्यामुळे आवळासुपारी आणि आलेपाकाच्या बरोबरीने आपण तिला घरचीच मानतो. पण ते औषध आहे, प्रोमेथाझिन त्याचं नाव, आणि त्याने डोळ्यांची बाहुली थोडी मोठी होऊ शकते. काचबिंदूचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. एकात डोळ्यातलं पाणी वाहून जाण्याचा कोन उघडा असतो, दुसऱ्यात तो अरुंद असतो. दुसऱ्या प्रकारात अशा गोळीने तो कोन बंद होऊन डोळ्यातला दाब एकदम वाढू शकतो. तेव्हा डोळा लाल होतो, ठणकतो, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात, डोकं दुखतं आणि उलट्या होतात. भर समुद्रात तुम्हाला उलट्या झाल्या तर घरातलं प्रत्येक जण म्हणेल, बोट लागली, झोपून राहा. आणि डोळ्याचे मोलाचे तास निघून जातील. तुमचा काचबिंदू कोणत्या प्रकारचा आहे, हे तुमच्या फाइलीत लिहिलेलं असणार. नेत्रतज्ज्ञांना सरळ विचारा, की प्रवासात मळमळीची गोळी घ्यायची आहे, कोणती चालेल? कोन उघडा असेल तर काळजी पुष्कळ कमी. पण ते त्यांनी सांगायला हवं, मी किंवा औषधाच्या दुकानदाराने नव्हे. कानामागे लावायची हायोसिनची पट्टी कुणी परदेशातून आणून दिली, तर तिलाही हेच लागू. आणि हे वाचणाऱ्या पुरुषांनो, प्रोस्टेट वाढलेली असेल तर तुम्हीही आधी विचारा, या गोळ्यांनी लघवी अडकू शकते.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. त्यांना हा परिच्छेद वाचून दाखवलात तरी माझी हरकत नाही. बोट लागणं हा मनाचा खेळ नाही. आपल्या दोन्ही कानांच्या आत तोल सांभाळणारं एक इंद्रिय आहे, तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्यांचं आणि त्यांच्या बुडाशी असलेल्या दोन छोट्या पिशव्यांचं. तुम्ही केबिनमध्ये बसलेल्या असता. समोरची भिंत, पलंग, टेबल सगळं तुमच्याबरोबरच हलतं, म्हणून डोळे सांगतात की सगळं जागच्या जागी आहे. कान सांगतो, आपण वर जातोय, खाली येतोय. या दोन साक्षी जुळत नाहीत आणि मेंदूचा गोंधळ पोटावर निघतो. कानातलं हे इंद्रिय ज्यांचं पूर्ण निकामी झालेलं असतं, त्यांना कितीही खवळलेल्या समुद्रात बोट लागत नाही. मनाचाच खेळ असता तर त्यांनाही लागली असती. कसून निवडलेल्या अंतराळवीरांतल्याही निम्म्याहून अधिक जणांना पहिल्या काही दिवसांत असाच त्रास होतो, आणि ती माणसं मनाने कच्ची नसतात. भीतीने त्रास वाढतो, एवढं मात्र खरं. म्हणूनच “काही होत नाही तुला” या वाक्याचा उपयोग होत नाही. “काही झालं तर हे हे करू” याचा होतो.

पण ताई, तुमचंही एक गृहीत मला जरा हलवून बघायचं आहे. गाडी लागते म्हणजे बोट लागणारच, असं तुम्ही धरून चालला आहात. शक्यता जास्त आहे, हे कबूल. पण तुम्ही दिलेली दोन उदाहरणं नीट बघू. पसरणी घाटात तुम्ही कुठे बसला होतात? तुम्हीच लिहिलं आहे, “मागच्या सीटवर, नातवाचे फोटो बघत होते मोबाइलवर.” घाटाची वळणं, मागची सीट आणि खाली मान घालून मोबाइल. असं बसल्यावर ज्यांना कधीच गाडी लागत नाही त्यांनाही मळमळतं. घारापुरीची सहल चाळीसेक वर्षांपूर्वीची. त्या लाँचमध्ये तुम्ही “खाली, इंजिनाजवळ, कारण वर ऊन होतं” बसलात आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं. डिझेलचा वास, रिकामं पोट आणि बाहेरचं काही दिसत नाही अशी जागा. म्हणजे दोन्ही वेळा त्रास तुमच्या बसण्याच्या जागेने निम्मा तरी वाढवला होता. पुण्याच्या आहात, दुचाकी चालवली असेलच. ती चालवताना कधी मळमळलं? नसेल. कारण पुढचं वळण तुमच्या डोळ्यांना आधी दिसत होतं आणि हात त्याप्रमाणे वळत होते.

आणखी एक. गाडी लागण्याचा त्रास सर्वांत जास्त होतो तो साधारण दोन ते बारा या वयात. पुढे वयाबरोबर तो कमी होत जातो. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होतो आणि अर्धशिशी असणाऱ्यांना आणखी जास्त, हेही खरं. पण विशीतल्या अनुभवावरून एकसष्टाव्या वर्षीचा निकाल लावू नका.

आता मूळ गोष्टीकडे येते. तुम्ही विचारता, घरी थांबू की गुपचूप जाऊ. या दोन्ही बेतांत एक गोष्ट सारखी आहे. मुलाला खरं कळत नाही. आणि बोटीच्या बाबतीत नेमकं तेच महागात पडतं, कारण या त्रासावरचे जवळजवळ सगळे उपाय तो सुरू होण्याआधी करायचे असतात. उलटी सुरू झाल्यावर तोंडाने घेतलेली गोळी पोटात ठरत नाही. मळमळू लागलं की पोटाचं काम मंदावतं आणि राहिलेली गोळीही नीट अंगी लागत नाही. केबिन तर निघायच्या कितीतरी आधी ठरते.

त्या केबिनचंच बघा. मुलाने किती हौसेने घेतली असेल! वरचा मजला, पुढचं टोक, बाल्कनी, सकाळी चहा घेत समुद्र बघायचा. पण जहाज लाटेवर चढतं-उतरतं तेव्हा सी-सॉसारखं हलतं. मधला भाग कमी, दोन्ही टोकं जास्त. आणि ते डावी-उजवीकडे कलतं तेव्हा वरचे मजले खालच्यांपेक्षा जास्त झुलतात. म्हणजे वरची आणि अगदी पुढची केबिन ही सबंध जहाजावरची जास्तीत जास्त हलणारी जागा. ज्याला बोट लागत नाही त्याला तिथे पाळण्यात झोपल्यासारखं वाटेल. तुमच्यासाठी ती नको. तुम्हाला हवी जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची, शक्य असेल तर खिडकीची. बहुतेक वेळा ती स्वस्तही असते. हे मुलाला आज कळलं तर तो ट्रॅव्हल एजंटला फोन करून बदल होतोय का बघू शकतो. गोव्याच्या आधल्या रात्री कळलं, तर बिचारा फक्त पिशवी धरून तुमच्या पाठीवरून हात फिरवू शकेल.

माझी आजी विजयदुर्गची. लग्नानंतर वर्षातून एकदा ती मुंबईहून बोटीने माहेरी जायची, भाऊच्या धक्क्यावरून. रस्ते सुधारण्याच्या आणि कोकण रेल्वे येण्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. ती सांगायची, धक्क्यावर दोर सुटायच्या आत वळकटी बोटीच्या मधल्या भागात टाकायची, नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, कुणी बोलावलं तरी जायचं नाही. सोबत साळीच्या लाह्या, आमसुलं आणि लिंबू. उपाशी राहायचं नाही आणि पोटभर जेवायचंही नाही. जहाजबांधणी तिला ठाऊक नव्हती. पण शेकडो माणसांना डेकवर ओकताना बघून जे शहाणपण येतं, ते तिच्यापाशी होतं, आणि आज क्रूझवरचे लोक प्रवाशांना जे सांगतात ते यापेक्षा फार वेगळं नाही. तिच्या बोलण्यातली आणखी एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. विजयदुर्गला बोट खोल पाण्यात थांबायची आणि पडाव, म्हणजे छोट्या होड्या, येऊन उतारूंना काठावर न्यायचे. ती म्हणायची, “बोटीत तगलेली माणसं पडावात आडवी व्हायची.”

हे तुम्हाला लक्षद्वीपमुळे सांगते आहे. तिथल्या बेटांभोवती प्रवाळाची कडी आहेत, आतलं पाणी उथळ, त्यामुळे मोठं जहाज बाहेर खोल समुद्रात थांबतं आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून नेतात. मोठ्या जहाजाला दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंखासारखी पाती असतात, ती त्याचं कलणं बरंच कमी करतात. पण ती पाती काम करतात जहाज चालू असताना. जहाज उभं राहिलं की त्यांचा जोर जातो आणि ते संथ डुलू लागतं. साधारण पाच सेकंदांत एक वरखाली, अशी संथ हालचाल माणसाला सर्वांत जास्त लागते. त्यातून पुढे छोट्या बोटीत बसायचं. तेव्हा पाच दिवसांतला अवघड तास कुठला, तर हा. नेमक्या त्याच वेळी सगळे म्हणत असतात, आता काय, पोचलोच! डॉक्टरांनी दिलेली गोळी त्या सकाळी चुकवू नका, थोडं खाऊन निघा आणि छोट्या बोटीत मागच्या बाजूला, उघड्यावर, बेटाकडे तोंड करून बसा. उतरायची इच्छा नसेल तर जहाजावर थांबायलाही काही हरकत नाही. तो दिवस तुम्ही वाया घालवला, असं कुणी म्हणणार नाही.

डिसेंबर निवडला आहे, हे मात्र तुमच्या मुलाने फार चांगलं केलं. पावसाळ्यात आपला समुद्र कसा असतो ते आपण जाणतो. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच बंद असतात, मच्छीमार होड्या ओढून ठेवतात. नारळी पौर्णिमेनंतर दर्या हळूहळू निवळतो आणि नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत अरबी समुद्र वर्षातला सर्वांत शांत असतो. इतर वाचकांपैकी कुणी अजून तारीख ठरवायची असेल, तर याच महिन्यांतली घ्या. मे महिना सुट्टीचा असला तरी त्याच्या उत्तरार्धात वारा आणि वादळं दोन्हींची शक्यता वाढते.

गोळीबद्दल थोडं आणखी, कारण चुका इथेच होतात. नेत्रतज्ज्ञ आणि तुमचे नेहमीचे डॉक्टर मिळून जी ठरवतील, ती आधी घरी एकदा घेऊन बघा, ज्या दिवशी कुठे जायचं नाही अशा दिवशी. काहींना या गोळ्यांनी इतकी गुंगी येते की उठता-बसता तोल जातो. जहाजावरच्या बाथरूमच्या दाराला उंच उंबरठा असतो. रात्री झोपेत, हलत्या जहाजावर, गुंगीत तो ओलांडायचा म्हणजे पडायला आमंत्रण. बाथरूमचा दिवा चालू ठेवा. गोळी निघण्याच्या निदान तासभर आधी, काही गोळ्या तर आदल्या रात्री, घ्यायच्या असतात. मुंबई बंदराच्या आत पाणी शांतच असतं. बॅलार्ड पिअरहून निघाल्यावर तुम्हाला वाटेल, अरे, काहीच होत नाहीये, कशाला घ्यायची गोळी? प्रॉन्ग्जचं दीपगृह मागे पडतं, खांदेरी मागे पडतं, तेव्हा खुला समुद्र लागतो आणि मग घेतलेली गोळी उशिराची असते. घरात पोट बिघडल्यावर घेतो ती ऑन्डान्सेट्रॉनची गोळी अनेक जण प्रवासाला नेतात. प्रवासाच्या मळमळीवर तिचा फारसा उपयोग होत नाही, तिच्यावर भिस्त ठेवू नका. आणि आपली गोळी नातवाला अर्धी करून देऊ नका. मुलांचं औषध आणि मात्रा बालरोगतज्ज्ञच ठरवतील.

रक्तदाबाच्या गोळीचंही डॉक्टरांना विचारून ठेवा. दोन-चार उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं, तर ती गोळी त्या दिवशी घ्यायची की नाही? काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढणाऱ्या असतात, मग चक्कर येते. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्या वाचकांना तर हा प्रश्न आणखी निकडीचा आहे, कारण औषध आत गेलं आणि जेवण बाहेर पडलं, तर साखर खाली येते. ओआरएसची चार पाकिटं बॅगेत टाका, आणि उलटी झाल्यावर घोटघोट प्या, एकदम ग्लासभर नाही.

उपाशी राहण्याचा बेत मात्र पूर्ण सोडून द्या. रिकाम्या पोटी मळमळ वाढते आणि पित्त खवळतं ते वेगळंच. दर दोन-तीन तासांनी थोडं कोरडं खा. खाकरा, लाह्या, टोस्ट, मऊ भात-मेतकूट, केळं, काही चालेल. जहाजावरचं जेवण डोळे दिपवणारं असतं, तरी पहिल्या दिवशी तळलेलं, तिखट आणि मद्य यांच्यापासून लांब राहा. आल्याचं काय, असं विचाराल. आल्याने काहींना बरं वाटतं, काहींना नाही, आणि त्यावरच्या प्रयोगांचे निष्कर्षही असेच मिश्र आहेत. आलेपाकाची वडी चघळलीत तर नुकसान काही नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र जास्त प्रमाणात घेऊ नये. मनगटाला बांधायचे दाबपट्टे मिळतात, त्यांचंही तसंच. आमसूल, लिंबू हुंगणं, लवंग, ज्याने तुम्हाला आजवर बरं वाटलं आहे ते जवळ ठेवा. हाताशी ओळखीचा वास असला की धीर येतो, आणि धीराचा उपयोग होतो हे मी वर म्हटलंच आहे.

जहाजावर कुठे बसायचं, याचा एकच नियम लक्षात ठेवा. जिथून क्षितिज दिसतं ती जागा आपली. मोकळ्या हवेत, जहाजाच्या मध्यावर, प्रवासाच्या दिशेने तोंड करून, नजर लांबच्या त्या रेषेवर. ती हलत नाही, म्हणून डोळे आणि कान एकाच गोष्टीची साक्ष देऊ लागतात. मोबाइल आणि पुस्तक पहिले दोन दिवस बाजूला. नातवाला गोष्ट पुस्तकातून वाचून दाखवू नका, तोंडी सांगा. बऱ्याच जहाजांवर कार्यक्रमांचं नाट्यगृह पुढच्या टोकाला असतं, आत खिडकी नाही, अंधार, आणि पडदाही हलत असतो. पहिल्या संध्याकाळी तिथे मागच्या रांगेत, दाराजवळ बसा, म्हणजे उठावंसं वाटलं तर उठता येईल. आणि अगदीच बरं वाटेनासं झालं, तर केबिनमध्ये जाऊन पाठीवर सपाट झोपा, उशीत डोकं स्थिर करा, डोळे मिटा. झोप लागली तर उत्तम. बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत सरावतं. परतल्यावर एखाद-दोन दिवस घरातली जमीन डुलल्यासारखी वाटेल, आंघोळीला उभ्या राहिलात की विशेष. ते आपोआप जातं. दोन-तीन आठवड्यांनीही गेलं नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

निघण्याआधी एक रंगीत तालीम करता येईल. नोव्हेंबरातल्या एखाद्या रविवारी यजमानांना घेऊन मुंबईला जा आणि भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणारी रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट, धरा, साधारण तासाभराचा प्रवास. डॉक्टरांनी ठरवलेली गोळी घेऊन, पोटात थोडं घालून, वर मोकळ्यावर बसा आणि कुलाब्याचा किनारा बघत जा. यातून क्रूझचा अंदाज पूर्ण येणार नाही, लहान बोटीचं हलणं वेगळं, मोठ्या जहाजाचं वेगळं. पण गोळी कशी मानवते ते कळेल आणि घारापुरीनंतर पहिल्यांदा तुम्ही बोटीवरून धडपणे उतराल. तो अनुभव तुमच्याजवळ असणं मला गोळीइतकंच मोलाचं वाटतं. आणि तिथेच फार त्रास झाला, तर तेही बरंच झालं म्हणायचं. मग मुलाशी दोन रात्रींच्या छोट्या सहलीबद्दल किंवा थेट रेल्वेने गोव्याला जाण्याबद्दल मोकळेपणाने बोलता येईल.

कारण न जाणं हाही पर्याय आहेच, ताई, आणि त्यात कमीपणा नाही. माझी हरकत आहे ती गुडघ्याच्या निमित्ताला. ऐन वेळी तुम्ही थांबलात की यजमानही थांबणार, पैसे बहुतेक बुडणार, आणि मुलाला जन्मभर वाटत राहणार की आईच्या गुडघ्यांकडे आपलं लक्ष नव्हतं. न केलेल्या चुकीचा बोजा त्याच्यावर का टाकायचा? तुम्ही म्हणता, सांगितलं तर त्याचा हिरमोड होईल. होईल, दहा मिनिटं. पण पसरणी घाटात गाडी थांबवून तुमच्या हातावर पाणी घालणारा तोच होता ना? तुम्हाला गाडी लागते हे त्याला ठाऊक आहे. बोटीचं त्याच्या ध्यानात आलं नाही, एवढंच.

नातवाची जबाबदारी, हा मला तुमच्या पत्रातला खरा काटा वाटतो. तुम्ही धास्तीपुरतंच लिहिलं आहे, पण “ते दोघं जरा फिरतील, बाळ माझ्याजवळच असेल” हे वाक्य दोनदा आलं आहे. हे कुणी ठरवलं? मुलाने-सुनेने सांगितलं आहे, की तुम्हीच धरून चालला आहात? सुनेशी आधीच बोलून घ्या, “पहिल्या रात्री आणि लक्षद्वीपच्या सकाळी बाळ तुम्हा दोघांजवळ, बाकी वेळ मी आहे.” कुठलीही समजूतदार सून हे आनंदाने कबूल करेल. आणि गुंगी आणणारी गोळी घेतलेल्या आजीने डेकवर तीन वर्षांच्या धावऱ्या मुलाला एकटीने सांभाळू नये, हे मी तुम्हाला निक्षून सांगते.

जहाजावर दवाखाना आणि डॉक्टर असतात, गरज पडली तर ते इंजेक्शनही देतात. चढल्या दिवशीच तो कुठल्या मजल्यावर आहे ते बघून ठेवा. तिथली तपासणी तिकिटात धरलेली नसते, म्हणून प्रवास विमा आहे का, हेही मुलाला विचारा. डोळ्यांचे थेंब, डॉक्टरांची चिठ्ठी आणि गोळ्या हातातल्या पर्समध्ये ठेवा, मोठ्या बॅगेत नको. ती बॅग केबिनपर्यंत यायला बऱ्याचदा संध्याकाळ होते.

मुलाशी काय बोलायचं, याची फार जुळवाजुळव करू नका. आज रात्री जेवणं झाली की फोन करा आणि म्हणा, “अरे, मला बोट लागते, म्हणून केबिन खालची आणि मधली मिळते का बघ, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मला या आठवड्यात घेऊन चल.” एवढ्याने त्याला पुढचं सगळं कळेल. बाल्कनी गेल्याचं त्याला वाईट वाटलं, तर सांगा, की सकाळचा चहा आपण सगळे मिळून डेकवर घेऊ.